स्थानपोथीची वाट

फ्रान्स देशांत पायीं हिंडण्याची एक सुखवस्तु रीत हल्लीं रूढ झाली आहे. दहाबारा प्रवाशांची टोळी असते, तिच्यापुढें त्या प्रांताचा जाणता वाटाड्या असतो. सामान मोटारीनें पुढच्या मुक्कामीं जातें. आपण मोकळ्या हातानें द्राक्षमळ्यांच्या कडेकडेनें, जुन्या मठांच्या सावलींतून चालावें आणि सायंकाळीं एखाद्या खेड्यांतील खाणावळींत बसून त्याच गांवचा पाव, त्याच गांवचें चीज आणि त्याच गांवचें मद्य यांचा आस्वाद घ्यावा, असा हा बेत असतो. १९४७ सालीं लोआर नदीच्या खोऱ्यांत पांढऱ्या-तांबड्या खुणांनीं आंखलेली पहिली लांब पल्ल्याची पायवाट सुरू झाली. आज तशा वाटांचें जाळें त्या देशभर पसरलें आहे. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबेंही या सफरीसाठीं पैसे सांठवूं लागलीं आहेत. त्यांत गैर कांहींच नाहीं. जो मनुष्य चालतो, त्यालाच देश दिसतो.

परंतु या सफरीचें वर्णन ऐकतांना माझ्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. पायीं चालणें, पुढें जाणता मनुष्य असणें, प्रत्येक मुक्कामाची आणि तेथील जेवणाची आठवण जपून ठेवणें, या तिन्ही गोष्टी एकत्र आलेली वाट आपल्या मुलखांत कधीं होती काय? माझें उत्तर असें आहे कीं, ती होती, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या वऱ्हाडांतच होता. इतकेंच नव्हे, तर त्या वाटेचा मार्गदर्शक ग्रंथही मराठींत, चौदाव्या शतकांत लिहिला गेला. त्या ग्रंथाचें नांव ‘स्थानपोथी’.

प्रथम फ्रान्सचेंच थोडें सांगतों, म्हणजे तुलना नीट होईल. आजची हौशी पदयात्रा तेथेंही यात्रेच्या जुन्या वाटेवरच उगवली आहे. ल प्युई या गावचा बिशप गोडेस्काल्क ९५०-५१ च्या हिवाळ्यांत स्पेनमधील सांत्यागो येथील संत जेम्सच्या समाधीस गेला. पुढें त्याच गांवाहून यात्रेकरूंची एक मोठी वाट वाहूं लागली. बाराव्या शतकांत या यात्रेकरूंकरितां लॅटिन भाषेंत एक मार्गदर्शिका तयार झाली. फ्रान्समधून जाणाऱ्या चार वाटा कोणत्या, कोणत्या नदीचें पाणी प्यावें, कोणतें पिऊं नये, हें तींत सांगितलें आहे. आणि गंमत अशी कीं, खाण्यापिण्याचाही जमाखर्च तींत आहे. गॅस्कनी प्रांताचा पांढरा पाव आणि तांबडें मद्य यांची लेखकानें तारीफ केली आहे. त्याच्या अलीकडच्या वालुकामय सपाट प्रदेशांत मात्र पाव नाहीं, मद्य नाहीं, मासे नाहींत, आणि माशांचा उपद्रव फार, अशी त्याची तक्रार आहे. यात्रेकरू झाला तरी त्याला पोट असतेंच.

आतां आपण वऱ्हाडाकडे वळूं. अमरावती जिल्ह्यांत शेंदूरजना नांवाचीं एकाहून अधिक गांवें आहेत. एक बाजाराचें, एक घाटाचें. त्यांपैकीं शेंदूरजनाघाट वरूड तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें आहे. संत्र्याच्या कलमांकरितां तें दूरवर प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून तयार केलेलीं हीं कलमें परप्रांतांतही जातात. फेब्रुवारीच्या सुमारास या गांवीं जावें. एका बागेंत मृगबहाराचीं फळें पिवळीं होत असतात, आणि तिला लागून असलेल्या दुसऱ्या बागेंत आंबियाबहाराचीं पांढरीं फुलें उमललेलीं असतात. एकाच वाऱ्याबरोबर फुलांचा वास येतो आणि फळांचाही. उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसते. हीच रेघ धरून पश्चिमेकडे गेलें म्हणजे मोर्शीच्या उत्तरेस सालबर्डीचा डोंगर लागतो, आणि मोर्शीच्या नैर्ऋत्येस रिद्धपूर हें गांव येतें. मला सांगावयाची कथा या दोन ठिकाणांपासून सुरू होते.

तेराव्या शतकांत गुजराथेंतील भडोच येथील प्रधानाचा पुत्र हरपाळदेव हा रामटेकच्या यात्रेस जाण्याचें निमित्त करून घरून निघाला, बरोबरचे लोक मागें सोडून एकटाच पुढें झाला, आणि रिद्धपुरास पोहोंचला, असें महानुभाव परंपरा सांगते. तेथें त्याला गोविंदप्रभूंचें दर्शन झालें. हें दर्शन कोठें झालें असेल? मठांत नाहीं, देवळाच्या गाभाऱ्यांतही नाहीं. रिद्धपुरांत शिजविलेलें अन्न विकण्याचा एक बाजार होता. त्याला त्या काळीं रांधवणहाट म्हणत. त्या बाजारांत गोविंदप्रभु शेंगुळे-बुड्डे खात होते, आणि त्यांतलाच प्रसाद त्यांनीं या परक्या तरुणाच्या हातीं दिला. ज्ञानाची दीक्षा एका पदार्थाच्या घांसानें झाली. शेंगोळे हें नांव आजही महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत जिवंत आहे. ज्या गृहिणीच्या हातून कुळथाच्या पिठाचीं तीं वळलेलीं कडीं उकळत्या रसांत पडतात, तिला या नांवाचा इतिहास ठाऊक असेलच असें नाहीं.

हाच तरुण पुढें चक्रधर म्हणून प्रसिद्ध झाला. रिद्धपुराहून ते सालबर्डीच्या डोंगरांत गेले आणि तेथें त्यांनीं बारा वर्षें एकांतांत घालविलीं, असें सांगतात. त्यानंतरचें त्यांचें सारें आयुष्य चालण्यांत गेलें. लोणार, मेहकर, अचलपूर हीं वऱ्हाडांतील गांवें त्या वाटेवर येतात. लोणार येथें यादवांचा राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आला होता. १२६८ च्या सुमारास पैठणास त्यांनीं संन्यास स्वीकारला. तेथून पुढें गोदावरीच्या दोन्ही तीरांवर, शिष्यपरिवारासह त्यांचें हिंडणें सुरू झालें. त्यांच्या दिवसाचा क्रम शिष्यांनीं बारकाईनें नोंदून ठेवला आहे. सकाळची पूजा झाली कीं ‘विहरण’, म्हणजे गांवाबाहेरच्या एखाद्या एकांत देवळापर्यंत फेरी. परत आल्यावर ‘आरोगणा’, म्हणजे भोजन. मग विडा, मग ‘पहुड’, म्हणजे विश्रांति. चालतां चालतां शिष्य प्रश्न विचारीत आणि चक्रधर एखाद्या लहानशा दृष्टांतानें उत्तर देत. हत्ती चांचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आपण शाळेंत शिकलों. तो मराठींत प्रथम सांगितला गेला तो अशाच एका गोष्टीवेल्हाळ मंडळींत.

येथें एक विरोध दिसतो, आणि माझ्या आजच्या भाषणाचा गाभा त्या विरोधांतच आहे. चक्रधरांनीं आपल्या संन्यासी शिष्यांना घालून दिलेला नियम अत्यंत कडक होता. भिक्षा सर्व वर्णांच्या घरीं मागावी. कोणाच्या दारीं काय चांगलें मिळतें याचा माग ठेवूं नये. मिळेल तें एकाच झोळींत घ्यावें आणि गांवाबाहेर पाण्याच्या कांठीं बसून खावें. एका ठिकाणीं ओळखीपाळखी वाढवीत राहूं नये, झाडाखालीं असावें. तेलंग आणि कानडी मुलखांत जाऊं नये, महाराष्ट्रांतच राहावें. जिभेचें कौतुक करणाऱ्या फ्रेंच सफरीच्या अगदीं उलट टोंकाची ही सफर होती. भात, भाकरी, ताक आणि गोड पदार्थ एकाच फडक्यांत पडल्यावर चवीचा अभिमान कसचा उरतो?

असें असतां ज्या ग्रंथांत या चालत्या आयुष्याची हकीकत आली आहे, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ खाद्यपदार्थांनीं भरलेला आहे! लाडू आहेत, मांडे आहेत, वडे आहेत, दहींभात तर पानोपानीं आहे. कोणी काय आणलें, कोणी काय रांधलें, तें कोणत्या झाडाखालीं बसून आरोगिलें, कोणाला प्रसाद मिळाला आणि कोण रुसून बसलें, हें सर्व त्यांत आहे. ज्यानें चव सोडावयास सांगितलें, त्याच्या चरित्रांत इतक्या चवी कशा शिरल्या? याचें कारण मला असें दिसतें कीं, हें चरित्र ज्यांच्या स्मरणांतून उभें राहिलें त्यांत बायका पुष्कळ होत्या. बाइसा, महदाइसा, उमाइसा, आबाइसा, साधें अशीं कितीतरी नांवें सांगतां येतील. चूल पेटविणें आणि पान वाढणें ज्यांच्याकडे होतें, त्यांना सिद्धान्ताइतकाच तो दिवसही आठवला, आणि दिवसाबरोबर त्या दिवशीं केलेला पदार्थही आठवला. संन्याशाला अन्नाची आसक्ति नसेल. वाढणाऱ्या हाताला माया असते, आणि माया विसरत नाहीं.

त्या काळच्या पानांत काय होतें याचा विचार करतांना काय नव्हतें हेंही ध्यानांत घ्यावें. ज्या ठेच्यावांचून वऱ्हाडी माणसाचा घांस उतरत नाहीं, तो मिरचीचा ठेचा तेव्हां नव्हता. मिरची अमेरिकेंतून आली, आणि ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत. बटाटा, टोमॅटो, भुईमूग हेही नंतरचेच पाहुणे. वरूड-शेंदूरजन्याच्या ज्या बागांचें मीं आतां वर्णन केलें, त्याही नव्हत्या. रघूजी भोसल्यांच्या घराण्यानें अठराव्या शतकांत औरंगाबादेकडून संत्र्याचीं झाडें नागपुरास आणविलीं असें सांगतात, आणि वऱ्हाडांतील लागवड त्याच्याही नंतरची. जोंधळा, तांदूळ, कुळीथ, तीळ, गूळ, दूध-दहीं आणि मिऱ्याचा तिखटपणा, एवढ्या सामग्रीवर तेराव्या शतकांतील सुगरणींनीं ती कीर्ति मिळविली.

गोविंदप्रभूंची तऱ्हा मात्र निराळी होती. त्यांना गुंडम राऊळ असेंही म्हणत. ते रिद्धपुराबाहेर फारसे गेले नाहींत; त्यांची पदयात्रा म्हणजे गांवांतील घरोघरची यात्रा. वाटेल त्या घरांत शिरावें, चुलीजवळ जाऊन पाहावें, हवें तें मागून खावें, लहान मुलासारखें हट्टास पेटावें. लोक त्यांना वेडा म्हणत आणि देवही म्हणत. ज्यांना समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें, त्यांच्या वस्तींतही ते तितक्याच मोकळेपणानें जात. गांवांतील प्रतिष्ठितांनीं केलेल्या तक्रारींचा त्यांच्यावर कांहींएक परिणाम होत नसे. त्या वस्तीला पाण्याची टंचाई पडली तेव्हां विहीर कोठें खणावी तें त्यांनीं दाखविलें, अशीही आठवण त्यांच्या चरित्रांत आहे. ज्या समाजांत कोणी कोणाच्या हातचें खावें यावरच माणसाची पायरी ठरत होती, त्या समाजांत एका वेड्या म्हटलेल्या पुरुषानें सगळ्या गांवाच्या चुली एका रांगेंत आणून बसविल्या. विद्वत्तेच्या एकाद्या ग्रंथाला हें काम साधलें असतें असें मला वाटत नाहीं.

१२७४ च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्र सोडून उत्तरेस निघून गेले, असें पंथ मानतो. पोरके झालेले शिष्य त्यांच्याच आज्ञेप्रमाणें रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिले. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख होते. याच काळांत सराळ्याच्या म्हाइंभट नांवाच्या पंडितानें ठरविलें कीं, स्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशीं असतील त्यांच्याकडून त्या विचारून घ्याव्या आणि लिहून ठेवाव्या. गांवोगांव हिंडून, एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशीं ताडून पाहून त्यानें हें काम केलें. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेलें लीळाचरित्र हें मराठीचें पहिलें मोठें गद्य, आणि तें या वऱ्हाडी गांवांत घडलें. पुढें खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांच्या स्मरणांतून ती पुन्हा जुळवावी लागली, अशी परंपरा आहे.

माणसें जातात, पोथी हरवते. मग उरतें काय? जमीन उरते. चक्रधरांनीं आपल्या पश्चात् ज्या चार गोष्टींची सेवा करावी म्हणून सांगितलें, त्यांत ‘स्थान’ ही पहिली होती. म्हणून चौदाव्या शतकांत मुनिव्यास नांवाच्या एका महानुभावानें चक्रधरांच्या मुक्कामाचें गांव न् गांव पायाखालीं घालून ‘स्थानपोथी’ रचली. एकेका गांवाचें नांव घ्यावयाचें, आणि मग देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस आहे, त्याचें दार कोणीकडे आहे, त्याच्या चौकांत कोणत्या बाजूस स्वामी बसले, कोठें जेवले, कोठें निजले, हें दिशा आणि अंतर देऊन सांगावयाचें. थोडा वेळ बसले तें ‘आसन’. जेवले ती ‘आरोगणा’. एक रात्र राहिले ती ‘वसति’. पुष्कळ दिवस राहिले तें ‘अवस्थान’. अशा स्थानीं पुढें ओटे बांधले गेले, आणि भाविक पायीं हिंडून त्या ओट्यांना वंदन करूं लागले.

आतां त्या दोन मार्गदर्शिका शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. लॅटिन मार्गदर्शिका यात्रेकरूला सांगते, येथें तुला काय चांगलें खावयास मिळेल. मराठी स्थानपोथी सांगते, येथें तो जेवला होता. एक भुकेची सोय पाहते, दुसरी आठवणीची. पहिलींत वाटेवरील परक्या लोकांविषयीं कठोर आणि अनुदार शेरेही भरपूर आहेत. दुसरींत परका कोणी नाहींच, कारण ज्या घराचा घांस एकदां झोळींत पडला तें घर परकें राहत नाहीं. मी एकीला श्रेष्ठ आणि दुसरीला कनिष्ठ ठरवीत नाहीं. प्रवाशाला दोहोंची गरज असते. परंतु आपल्या वाट्याला आलेली ही दुसरी ठेव आपण किती जपली, हें विचारण्याचा मला अधिकार आहे.

या प्रश्नाचें उत्तर फारसें सुखाचें नाहीं. केशोबास नांवाचा विद्वान् शिष्य संस्कृतांत लिहूं लागला, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्याला थांबविलें. तसें केल्यानें आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्यांनीं आठवणी पुरविल्या त्यांनाच ग्रंथ कळूं नये, हा अन्याय त्यांना सोसला नाहीं. पण पुढें काळ असा आला कीं, याच पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले, आणि बाहेरच्या मराठी समाजानें ते वाचण्याची उत्सुकताही दाखविली नाहीं. उलट या लोकांविषयीं कुत्सित प्रवाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालविले. सहा शतकें मराठीचें पहिलें गद्य मराठी माणसाच्या दृष्टीआड राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या लिपींचें कोडें उलगडलें; १९२५ त यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनीं महानुभाव वाङ्मयाचा परिचय करून दिला. १९३६ पासून ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्राचे भाग छापले. आणि वऱ्हाडचेच सुपुत्र वि. भि. कोलते यांनीं आयुष्य वेंचून सिद्ध केलेली लीळाचरित्राची प्रत १९७८ सालीं राज्य शासनाच्या साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केली. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनें गोविंदप्रभूंचें चरित्र इंग्रजींत नेलें तें १९८४ त. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीं मराठी भाषा विद्यापीठाचें काम रिद्धपुरांत सुरू झालें. रांधवणहाटाच्या गांवीं विद्यापीठ आलें, ही काळानें केलेली गोड भरपाईच म्हणावयाची.

तथापि विद्यापीठानें ग्रंथ वाचतील. वाट कोण चालेल? ओटा आहे तोंवर स्थान आहे, आणि पाऊल येतें तोंवर ओटा आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. फ्रान्सला जाणाऱ्यांनीं खुशाल जावें. पण त्याआधीं एका माघांत चार दिवस काढून ही वाट चालून पाहावी. रिद्धपुराहून निघावें. मोर्शीवरून सालबर्डीस जावें. तेथें मारू नदीच्या कांठीं एक पाऊल महाराष्ट्रांत आणि दुसरें मध्य प्रदेशांत पडतें, आणि महाशिवरात्रीस डोंगरांतील गुहेच्या महादेवाला यात्रा भरते. मग डोंगर डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे वरूडवरून शेंदूरजनाघाटच्या बागांपर्यंत यावें. वाटाड्या म्हणून गांवांतलाच एखादा जाणता गडी घ्यावा. त्याला देवळाचें दार पूर्वेस कीं पश्चिमेस हें ठाऊक असतें, आणि जुनी विहीर कोणाच्या शेतांत गेली हेंही ठाऊक असतें.

आणि जेवणाचें म्हणाल, तर त्याची चिंता नको. शेतांत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, त्यावर तुपाची धार, वांग्याची भाजी आणि वरण. दुसऱ्या दिवशीं कढी-गोळे. तिसऱ्या दिवशीं ज्वारीची भाकरी आणि भरीत. शेवटीं झाडावरून हातानें तोडलेलें संत्रें. बोर्दोच्या खाणावळीला यांतलें कांहीं देतां येणार नाहीं, आणि तिनें तें द्यावें अशी अपेक्षाही नाहीं.

मात्र एक करावें. निघतांना त्या घरच्या माउलीला तिचें नांव विचारावें आणि आपल्या वहींत लिहून ठेवावें: अमक्या गांवीं, अमक्या झाडाखालीं, अमकीच्या हातचें जेवलों. सातशें वर्षांपूर्वीं म्हाइंभटानें तेवढेंच केलें होतें, आणि त्यांतून मराठी गद्य जन्मास आलें.